झाडाला कसली घाई?

नमस्कार मंडळी. एवढ्या उन्हात आलात, बरं वाटलं. बोर्डावर 'प्राचीन वृक्ष' असं भारदस्त लिहिलंय, पण मी बोलणार आहे घाईबद्दल.

आपल्या रावेर-यावलकडे सगळा हिशोब केळीचा. टिश्यूकल्चरचं रोप लावलं की अकरा-बारा महिन्यांत घड कापायचा, मग पिलबाग, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिलांची पुढची बाग, ठेवायची का मोडायची ते भाव बघून. आणि केळी तर झाडच नाही, खोड म्हणतो ती नुसती पानांच्या देठांची गुंडाळी, लाकूड नावालाही नाही. मी नावं ठेवत नाहीये हां, आमचं घर त्यावरच चालतं. पण वर्षाच्या आत पैसा मोकळा व्हायची सवय लागली की पन्नास वर्षांची गोष्ट डोक्यात शिरतच नाही.

तिकडे कॅलिफोर्नियात व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइन आहेत, त्यातलं मेथुसेला नावाचं एक झाड ४,८०० वर्षांच्या वरचं. ते रोप होतं तेव्हा मोहेंजोदडो शहर म्हणून उभं राहायचं होतं! तुम्ही म्हणाल जमीन भारी असेल, पाणी बक्कळ असेल. उलटंय सगळं. तीन हजार मीटर उंची, खडकाळ जमीन, कडाक्याची थंडी, पाऊस नावाला. सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, तीस-तीस वर्षं गळत नाहीत, कारण दरवर्षी नव्या करणं परवडतच नाही. वाईट साल आलं की वाढ जवळपास बंद, म्हणून लाकूड इतकं घट्ट आणि राळेने भरलेलं की बुरशी-किडीला आत शिरायला वाव नाही. खोडाचा बराचसा भाग मेलेला, सालीची एक पट्टी जिवंत, तेवढ्या पट्टीवर वरची फांदी हिरवी. आणि त्याच जातीची बऱ्या जमिनीतली झाडं भराभर वाढतात आणि लवकर मरतात. मला हे फार आवडतं, थोडं झोंबतंही.

१९६४ साली नेवाडात असंच एक झाड अभ्यासासाठी रीतसर परवानगी घेऊन तोडलं. खोडात वर्षाला एक पडणारी कडी मोजली तर ४,८०० च्या वर. तोडून झाल्यावर कळलं, बोला आता.

लांब कशाला, आपल्या सातपुड्यातला अंजन घ्या. लाकूड इतकं कठीण की कुऱ्हाड उडते. रोप मात्र पहिली काही वर्षं वर दिसतच नाही फारसं, कधी शेंडा वाळूनही जातो, आपण म्हणतो गेलं बुवा, आणि खाली मूळ उतरतच असतं. वनीकरणाचे फोटो पहिल्याच वर्षी काढायचे असतात ना, अंजन त्या फोटोत कधीच चांगला दिसणार नाही.

वखारीत गेलात तर सागाचा जुना ओंडका बघा. प्रत्येक कड्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, बोटाला लागते सुद्धा. पाऊस चांगला झाला की कडं रुंद, कोरड्या सालाचं बारीक. कापल्याचं साल माहीत असेल तर मागे मोजत जाऊन १९७२ शोधा.

आता मघाशी एका ताईंनी विचारलं, गावातल्या झाडाचं वय कसं काढायचं. न तोडता नक्की सांगणं अवघड, पण वाढ मोजता येते. छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, खोडाचा घेर घ्या, दरवर्षी त्याच महिन्यात, आणि वहीत लिहून ठेवा. वडाला नको, पारंब्या खोडाला चिकटून जातात आणि घेर फसवतो. चिंच, निंब घ्या. शिंप्याचा टेप जुन्या चिंचेला पुरत नाही, सुतळी गुंडाळा आणि नंतर ती मोजा.