योगसमाधी

(पहाट. सिद्धेश्वर तलाव. पाण्यात मंदिराची सावली.)

गाभाऱ्यात दर्शन झालं, की सोलापूरकराची पावलं आपसूक इकडे वळतात. ही सोलापूरच्या ग्रामदैवताची, शिवयोगी सिद्धरामेश्वरांची समाधी. एरवी मराठीत 'समाधी घेतली' म्हणजे देह ठेवला, आणि समाधी म्हणजे त्यावरचं दगडी बांधकाम. पण इथले लोक हिला 'योगसमाधी' म्हणतात. त्या 'योग'पाशी जरा थांबू या.

आधी 'समाधी' हा शब्द. मूळ धातू 'धा', म्हणजे ठेवणे. त्याला 'सम्' आणि 'आ' लागले, की नीट, गोळा करून ठेवणे. ठेवायचं ते चित्त. आपलं रोजचं 'समाधान'ही याच धातूचं, याच उपसर्गांचं. समाधी आणि समाधान, सख्खी भावंडं.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादाचं नावच समाधिपाद, पण व्याख्या येते तिसऱ्यात. चित्त एका ठिकाणी बांधलं, ती धारणा. तिथेच ते एकसारखं वाहत राहिलं, ते ध्यान. आणि त्याच ध्यानात फक्त ध्येय, म्हणजे ज्याचं ध्यान चाललंय ते, उजळून उरलं, चित्त 'स्वरूपशून्यम् इव' झालं, की समाधी.

'इव' म्हणजे जणू. मला हा एवढासा शब्द फार मोलाचा वाटतो. चित्त नाहीसं होत नाही, त्याला स्वतःची आठवण तेवढी राहत नाही. म्हणून समाधी ही झोप नव्हे. झोपेला तर पतंजली चित्ताची एक वृत्तीच म्हणतात, आणि वृत्तींचा निरोध म्हणजे योग.

(संक्रांतीची गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक.)

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची वाट शिवयोगाची, वचनं, म्हणजे त्यांच्या भक्तिपर रचना, कन्नडमधली. ती पतंजलींच्या मापानं मोजू नये. पण हा योगी जगाकडे पाठ करून बसला नाही. परंपरा सांगते, हा तलाव त्यांनी खोदवला, अडुसष्ट लिंगं स्थापली. कुंभारकन्येनं लग्नाची इच्छा धरली, तेव्हा त्यांनी आपला योगदंड पुढे केला, लग्न लागलं ते त्या दंडाशी. त्या विवाहाच्या अक्षता आजही संमती कट्ट्यावर पडतात.

आणि हे सात नंदीध्वज. जड, उंच काठ्या. पेलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा. भोवती 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'चा गजर, रस्त्यात मुंगी शिरायला जागा नाही, आणि त्याचं सगळं लक्ष तोलावर. याला समाधी मी म्हणणार नाही, तो शब्द इतका स्वस्त नाही. पण धारणा? ती इथे, या बाराबंदीतल्या माणसाच्या कपाळावर, घामासकट दिसते.