फिनलॅगनला तट का नव्हता?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयले नावाचं बेट आहे. त्यावर फिनलॅगन हे तळं, आणि तळ्यात दोन चिमुकली बेटं. चौदाव्या-पंधराव्या शतकात हेब्रिडीज बेटांवर आणि समोरच्या किनाऱ्याच्या मोठ्या भागावर राज्य करणारे मॅकडोनल्ड सरदार इथून कारभार पाहत. १९९०च्या दशकात इथं उत्खनन झालं तेव्हा सभागृह, प्रार्थनामंदिर, राहती घरं सापडली. या सरदारांच्या काळातली भक्कम तटबंदी मात्र सापडली नाही. इतक्या मोठ्या सत्तेची राजधानी, आणि तिला तट नाही! आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

त्यांचं बळ समुद्रावर होतं. मूळ पुरुष सोमरलेड. त्याने ११५६ साली आरमारी लढाईत मॅन बेटाच्या राजाकडून बेटांचा मोठा वाटा मिळवला आणि ११६४ मध्ये रेनफ्रूजवळ तो मारला गेला. बेटं तेव्हा नावाला नॉर्वेची होती. १२६६ च्या पर्थ तहात नॉर्वेने ती ४,००० मार्क आणि शिवाय दरसालचे १०० मार्क एवढ्या रकमेवर स्कॉटिश राजाला देऊन टाकली. पण राजाच्या ताब्यात आली म्हणून ती घोडेस्वारांच्या टापेखाली येतात थोडीच? इथं फौज जायची ती बिर्लिनमधून. बिर्लिन म्हणजे वल्ह्यांवर आणि एका चौकोनी शिडावर चालणारी, फळीवर फळी चढवून बांधलेली होडी. किनाऱ्यावरच्या जमिनी देताना सरदार बदल्यात होड्या आणि वल्हेकरी मागत. हॅरिस बेटावर रोडेलच्या चर्चमध्ये १५२८ सालची एका मॅक्लाउड सरदाराची समाधी आहे. तिच्यावर बिर्लिन इतकी बारकाईने कोरली आहे की शिडाचे दोर आणि वल्ह्यांची भोकं आजही पाहता येतात.

पण नुसत्या होड्यांनी राज्य उभं राहत नाही. फिनलॅगनच्या धाकट्या बेटाला सभेचं बेट म्हणत. १५४९ मध्ये डोनल्ड मन्रो या धर्मगुरूने तिथल्या मंडळाचं वर्णन लिहून ठेवलं. मॅक्लीन, मॅक्लाउड अशा घराण्यांचे प्रमुख, त्यांच्या खालोखालचे जमीनदार, बेटांचा बिशप आणि आयोनाचा मठाधिपती एकत्र बसून निवाडे करत. नवा अधिपती गादीवर येताना पांढरी वस्त्रं घालून पावलाचा ठसा असलेल्या दगडावर उभा राही. त्याच्या हाती पांढरी काठी देत आणि पूर्वजांची तलवारही. दरबारी वैद्य बीटन घराण्यातले, कवी मॅकव्हुरिख घराण्यातले, दोन्ही पदं वंशपरंपरेने चालत. १४०८ चं आयलेतल्या जमिनीचं एक दानपत्र तर लॅटिनऐवजी तिथल्या लोकांच्या भाषेत, गॅलिकमध्ये लिहिलेलं आहे. अशा लोकांना सरसकट लुटारू म्हणणाऱ्यांनी हे दानपत्र जरूर पाहावं.

मग हे सगळं बुडालं कशामुळे? १४६२ मध्ये तेव्हाचा अधिपती जॉन याने इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याच्याशी गुप्त करार केला: स्कॉटलंड जिंकलं तर फोर्थ नदीच्या उत्तरेचा मुलूख जॉन आणि त्याच्या साथीदारांनी वाटून घ्यायचा. १४७५ मध्ये ते उघड झालं आणि पुढच्याच वर्षी जॉनची रॉस प्रांताची जहागीर गेली. मुलगा अँगस बापाविरुद्ध उठला. मल बेटाजवळच्या 'रक्ताच्या उपसागरात' दोन्हीकडून आपलेच लोक लढले. १४९० मध्ये अँगसला त्याच्याच वीणावादकाने मारलं. माझ्या मते खरा घाव हा होता. ज्या सभेच्या एकमतावर सारं उभं होतं, तिचे सभासद आता दोन होड्यांत बसले होते. १४९३ मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या कारकिर्दीत अधिपतीपद जप्त झालं.

राजाला वाटलं, संपलं. अँगसचा मुलगा डोनल्ड दूव्ह याचं बहुतेक आयुष्य कैदेत गेलं. पण १५४३ मध्ये तो सुटला. १५४५ मध्ये बेटांनी पुन्हा आपली सभा बसवली आणि सुमारे ४,००० माणसं आणि १८० होड्या त्याच्यामागे आयर्लंडकडे निघाल्या. त्याच वर्षी द्रॉहेडा इथं तो तापाने गेला. त्याच्यानंतर निवडलेल्या जेम्स मॅकडोनल्डभोवती ही बेटं एकत्र राहिली नाहीत.