मलनिःसारणाची दरवाढ कायद्यात कुठे टिकते, कुठे कोसळते

मित्रहो, गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत मलनिःसारणाच्या वाढीव बिलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "एवढी वाढ करता येते का?" न्यायालय आधी वेगळंच विचारतं. वाढ कोणी केली, केव्हा केली, कोणत्या कलमाखाली केली? या तिन्हींची उत्तरं बिलावर छापलेली नसतात. ती ठरावांच्या नस्तीत, म्हणजे फायलीत, असतात आणि ती नस्ती मागवल्याशिवाय भांडायला उभं राहू नये.

आधी बिलावरच्या ओळी वेगळ्या करा. मुंबईत मलनिःसारणाच्या नावाने तीन निरनिराळ्या रकमा आहेत. मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर हे 1888च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 140 खालचे मालमत्ता कर. ते मालमत्तेच्या मूल्यावर बसतात. मलनिःसारण आकार वेगळा. जिथे पाण्याला मीटर आहे तिथे तो पाण्याच्या बिलाच्या 70 टक्के धरला जातो आणि त्याचं मूळ कलम 169 खालच्या नियमांत आहे. ओळ चुकीची ओळखली की हरकतही चुकीच्या दारात जाते.

टक्केवारीचा आकार फसवा असतो, म्हणून थोडं गणित करू. पाण्याचं बिल 1000 रुपये, मलनिःसारण 700. पाण्याचा दर 8 टक्क्यांनी वाढला, तर पाणी 1080 आणि मलनिःसारण 756. इथे मलनिःसारणाच्या दराला कोणी हात लावलेला नाही, तरी 56 रुपये वाढले. या वाढीला आव्हान द्यायचं तर पाण्याच्या दराचा ठराव तपासावा लागेल. आता समजा, टक्केवारीच 60 वरून 70 केली. लोक म्हणतात, दहा टक्के वाढ. ती दहा नाही, 600 चे 700 म्हणजे 16.67 टक्के आहे, आणि तिला स्वतःचा वेगळा निर्णय लागतो. दोन्ही बदल एकाच वर्षी झाले तर 600 चे 756 होतात, म्हणजे 26 टक्के. दोन निर्णयांपैकी एकाचा कागद सापडला नाही, तर तेवढाच भाग आव्हानाला मोकळा होतो, सगळं बिल नाही.

मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांना 1949चा अधिनियम लागू आहे. त्याचं कलम 99 नीट वाचा. पुढच्या वर्षीच्या करांचे दर महापालिकेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, तेही स्थायी समितीच्या प्रस्तावांचा विचार करून. म्हणजे कागद दोन हवेत, समितीचा प्रस्ताव आणि महासभेचा ठराव, आणि क्रमही तोच हवा. आयुक्तांच्या परिपत्रकाने कर वाढत नाही. प्रशासक असला तर दोन्ही सभांचे अधिकार त्याच्याकडे एकवटतात, पण तो कोणत्या सभेच्या वतीने काय ठरवतो आहे हे ठरावात दिसायला हवं. वर्षाच्या मध्येच पैसा कमी पडला तर कायद्यात पुरवणी करआकारणीची सोय आहे, पण ती उरलेल्या महिन्यांपुरतीच.

मागच्या तारखेपासून वसुली हा सर्वांत जास्त वेळा होणारा दोष. मूळ अधिनियमाने स्पष्ट अधिकार दिला नसेल तर त्याखालचे नियम पूर्वलक्षी करता येत नाहीत, ही तत्त्वाची बाजू 1969 साली सर्वोच्च न्यायालयात पोन्नूस प्रकरणात पक्की झाली. जुलैत ठराव आणि एप्रिलपासून फरकाची रक्कम, असं बिल दिसलं की तिथे बोट ठेवा.

जाहीर नोटिशीबद्दल मात्र गैरसमज खूप आहेत. उत्तर प्रदेशातल्या रामपूर नगरपालिकेने पाणीपट्टी लावताना कराचा प्रस्ताव एका उर्दू वृत्तपत्रात छापला. कायद्यात हिंदी वृत्तपत्र म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की प्रस्ताव प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे, पण कोणत्या पद्धतीने करायचा हे तितकं काटेकोर नाही. लोकांपर्यंत मजकूर पोचला असेल तर कर टिकतो. तेव्हा नोटिशीतली छापील चूक घेऊन न्यायालयात जाणं व्यर्थ आहे. नोटीस निघालीच नसेल, तर मात्र तुमची बाजू भक्कम आहे.

हद्दवाढीत हाच मुद्दा आणखी मोठा होतो. 1975च्या विशाखापट्टणम प्रकरणात नव्याने जोडलेल्या भागावर जुन्या हद्दीतला मालमत्ता कर तसाच लावला होता. कर लावण्याआधीच्या पायऱ्या त्या भागासाठी पाळल्या नव्हत्या आणि कर रद्द झाला. पुण्यात 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं महापालिकेत आली. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी आपल्या भागाला लागू होणारी अधिसूचना शोधावी. 1949च्या अधिनियमाच्या कलम 131 प्रमाणे सफाई कर बसतो तो दोन परिस्थितींत: त्या भागात मैला उचलण्याची व्यवस्था पालिका करेल अशी आयुक्तांची जाहीर नोटीस असेल तेव्हा, किंवा घराचं सांडपाणी पालिकेच्या गटाराला जोडलेलं असेल तेव्हा. सेप्टिक टँक आहे आणि जोडणी नाही, एवढं पुरेसं नाही. नोटीसही नाही, हे दाखवावं लागतं.

"सेवा नीट मिळत नाही, गटारं तुंबतात, मग वाढ कशी?" हा राग पूर्ण रास्त आहे आणि तो सभागृहात, प्रभागात मांडलाच पाहिजे. पण कराला सेवेची परतफेड लागत नाही. शुल्काला लागते, तीही ढोबळ. रुपयाला रुपया असा हिशेब न्यायालय मागत नाही. म्हणून केवळ याच मुद्द्यावरची याचिका क्वचितच तग धरते.

आता मार्ग. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर चार गोष्टी मागा: स्थायी समितीचा प्रस्ताव, महासभेचा ठराव, जाहीर नोटीस आणि दर लागू करण्याची तारीख. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, आणि 1949च्या अधिनियमाच्या कलम 406 खालच्या अपिलाची मुदत 15 दिवसांची आहे. म्हणून बिल येण्याची वाट न पाहता, अंदाजपत्रक मंजूर होताच अर्ज टाका. अपिलासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. ती "हरकत राखून" अशी लेखी नोंद करून भरा. भरलीच नाही तर दरमहा 2 टक्के शास्ती चढत जाते. हिशेबाची किंवा करयोग्य मूल्याची तक्रार अपिलात चालते. नियमच बेकायदा आहे असं म्हणायचं असेल तर उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली याचिका.

जिंकल्यावरही एक धोका उरतो. गुजरातमधल्या भडोच नगरपालिकेने लावलेला कर न्यायालयात टिकण्यासारखा नव्हता. गुजरात विधानसभेने 1963 साली वैधीकरणाचा कायदा केला, जुना दोष दूर केला, आणि पृथ्वी कॉटन मिल्स प्रकरणात 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. विधिमंडळाने निकाल नुसता "रद्द" म्हणून चालत नाही, पण ज्या दोषामुळे कर पडला तो दोष काढला तर जुनी वसुली पुन्हा उभी राहते. म्हणून परताव्याचा अर्ज निकाल लागल्याबरोबर, त्याच आठवड्यात करा.