डेंटनमध्ये मतदान झालं, पुढे काय?

[दृश्य: टेक्सास. डेंटनमधला जुन्या कोर्टहाऊसचा चौक.]

डॅलसच्या उत्तरेला डेंटन लागतं. दोन विद्यापीठांचं शहर. नोव्हेंबर 2022 मध्ये इथल्या मतदारांपुढे एक प्रस्ताव होता. थोडा गांजा जवळ सापडला म्हणून शहराच्या पोलिसांनी कुणाला अटक करू नये, नुसत्या वासावरून झडती घेऊ नये. शंभरातल्या सुमारे 71 जणांनी होकार दिला.

कायदा मात्र होता तिथेच राहिला.

टेक्सासमध्ये दोन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण 57 ग्रॅमपर्यंत गांजा बाळगला तरी 180 दिवसांपर्यंत कैद आणि 2,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम राज्याचं आहे, शहराच्या मतदानानं ते रद्द होत नाही. मतदार फार तर आपल्या पोलिसांना सांगू शकतात, की या कामात वेळ घालवू नका. डेंटनमध्ये तेवढंही झालं नाही. राज्याच्या कायद्याविरुद्ध पोलिसांना आदेश देण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी भूमिका शहराच्या व्यवस्थापकांनी घेतली. पुढे शहर परिषदेत अध्यादेश आला, तोही मंजूर झाला नाही.

आणि समजा झाला असता, तरी? विद्यापीठाचे पोलीस वेगळे. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा शेरीफ वेगळा. हायवेवर राज्याचे पोलीस, म्हणजे ट्रूपर. यांतल्या कुणालाही शहराचा ठराव बांधत नाही. रस्त्याच्या एका बाजूला सोडून देतील, दुसऱ्या बाजूला बेड्या घालतील.

[दृश्य: ऑस्टिन. राज्याचं कॅपिटॉल.]

ऑस्टिननं मे 2022 मध्ये असाच प्रस्ताव सुमारे 85 टक्के मतांनी मंजूर केला होता. पण टेक्सासच्या कायद्यात आणखी एक कलम आहे: अमली पदार्थांचे कायदे पूर्णपणे राबवणार नाही, असं धोरण कुठल्याही शहराला ठरवता येत नाही. याच कलमावर बोट ठेवून राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील केन पॅक्स्टन यांनी जानेवारी 2024 मध्ये ऑस्टिन आणि डेंटनसह पाच शहरांवर खटले भरले. एप्रिल 2025 मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय त्यांतल्या ऑस्टिन आणि सॅन मार्कोस या शहरांच्या विरोधात गेला.

मग लोक शहरातच मतदान का मागतात? कारण दुसरं दार बंद आहे. कोलोरॅडोत 2012 साली मतदारांनी थेट राज्यघटनाच दुरुस्त केली. टेक्सासमध्ये सह्या गोळा करून राज्यभर मतदान लावण्याची सोयच नाही. 2023 मध्ये प्रतिनिधीगृहानं शिक्षा सौम्य करणारं विधेयक मंजूर केलं, ते सिनेटमध्ये अडकून पडलं. म्हणून सह्या गोळा करणाऱ्या तरुणांना दोष द्यावासा वाटत नाही. पण दारोदार जाताना या मताची मर्यादा लोकांना सांगायलाच हवी. मत दिलं म्हणून निर्धास्त झालेला माणूस अडकला, तर कोर्टाच्या फेऱ्या त्यालाच माराव्या लागतात.

प्रत्यक्षात फरक पडला तो भलत्याच वाटेनं. 2019 मध्ये टेक्सासनं हेम्पची शेती कायदेशीर केली. हेम्प आणि गांजा एकाच जातीची झाडं. फरक टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा: 0.3 टक्क्यांपर्यंत असेल तर हेम्प, त्याहून जास्त असेल तर गांजा. हे प्रमाण मोजून देणारी सोय तेव्हा बहुतेक सरकारी प्रयोगशाळांकडे नव्हती. पुराव्याअभावी अनेक सरकारी वकिलांनी किरकोळ प्रकरणं सोडून दिली. तेव्हा कुणी मतदान घेतलं नव्हतं.

[दृश्य: विद्यापीठाचा परिसर. वर्गातून बाहेर पडणारे विद्यार्थी.]

पुण्या-नागपूरहून टेक्सासला शिकायला आलेल्या मुलामुलींना हे मुद्दाम सांगायला हवं. तुमचा व्हिसा आणि ग्रीन कार्ड केंद्र सरकारच्या हातात आहे, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा आजही नियंत्रित अमली पदार्थ आहे. शहराचं मतदान सोडाच, जिथे राज्यानं परवानगी दिली आहे तिथे घेतलेला गांजाही इमिग्रेशनच्या प्रकरणात आड येऊ शकतो. कधी कधी शिक्षा झालेली नसताना दिलेली कबुलीही पुरते. म्हणून व्हिसाच्या किंवा नागरिकत्वाच्या मुलाखतीला जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.