चावी घ्यायच्या आधी

(डब्लिनमधल्या मराठी मंडळींच्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमात ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं. या खोलीतले निम्मे लोक माझ्या गाडीत घामाघूम होऊन गेलेले आहेत, त्यामुळे ओळखीत वेळ घालवत नाही. विषय तुम्हाला ठाऊक आहे: दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना गुन्हा बाहेर आला, तर मंत्र्याने राजीनामा द्यावा का? उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं घेतो, २०२० च्या जुलैतलं, आयर्लंडचे तेव्हाचे शेतीमंत्री बॅरी काउएन यांचं. पण त्याआधी मला एल बोर्डाबद्दल बोलायचंय. कारण त्या प्रकरणात सगळे दारूबद्दल बोलले आणि एल बोर्ड बाजूलाच राहिला. माझा तर तो रोजचा धंदा आहे.

भारतात दहा वर्षांहून जास्त गाडी चालवून इथे आलेल्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. त्यामुळे भर पावसात वरंधा घाट उतरलेला माणूस इथे येऊन थिअरीची परीक्षा देतो, लर्नर परमिट काढतो, गाडीला पुढे-मागे लाल एल चिकटवतो. शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसवतो, आणि तोही निदान दोन वर्षं जुन्या लायसन्सचा असावा लागतो. माझ्याकडे एक नर्सबाई शिकायला होत्या, नाशिकच्या. रात्रपाळी संपली की दोन बस बदलून घरी यायच्या. गाडी दारात उभी असायची, स्वतःच्या पैशाने घेतलेली, विमा भरलेली. दर रविवारी त्या ती धुवायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या, कारण शेजारी बसायला कुणी नव्हतं. परीक्षेची तारीख लांब, पहिल्यांदा नापास, परत तारीख. एकदा मी विचारलं, सकाळी सहाला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कधी मोह नाही झाला? त्या म्हणाल्या, "सर, माझ्या वॉर्डात अपघाताचे पेशंट येतात." पुढे काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ही बाई मला काउएन प्रकरणात सारखी आठवत होती. आता ते प्रकरण.

२०१६ च्या सप्टेंबरात क्रोक पार्कवर फुटबॉलचा अखिल आयर्लंड अंतिम सामना होता, डब्लिन विरुद्ध मेयो. बरोबरीत सुटलेला तो सामना. बॅरी काउएन तो पाहून ऑफलीला घरी चालले होते. जेवताना दोन पेग झाले होते, असं पुढे त्यांनीच सांगितलं. वाटेत पोलिसांनी तपासलं, मर्यादेच्या वर सापडले. दोनशे युरो दंड झाला आणि तीन महिने गाडी चालवायला बंदी. वय एकोणपन्नास, पाच वर्षं खासदार, आणि हातात लर्नरचा परवाना.

एल बोर्ड महत्त्वाचा का, ते सांगतो. साध्या चालकाला इथे शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे भारतात सगळ्यांना तीस. पण शिकाऊ आणि व्यावसायिक चालकांना इथे फक्त वीस. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पक्क्या लायसन्सचा माणूस पहिल्यांदा पन्नास ते ऐंशीच्या मध्ये सापडला, तर दंड आणि लायसन्सवर तीन दंडाचे पॉइंट एवढ्यावर सुटायचा, बंदी नाही. शिकाऊला मात्र बंदी. हा कायदा २०१० चा. तेव्हा पंतप्रधान कोण? ब्रायन काउएन, बॅरी यांचे सख्खे भाऊ. आणि तो ऑक्टोबर २०११ मध्ये अमलात आला तेव्हा वाहतूक मंत्री कोण? लिओ वराडकर! मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा. म्हणजे भावाच्या सरकारने केलेला आणि आपल्या वराडकरांच्या हाताने लागू झालेला हा नियम, त्यात बॅरी सापडले.

(हशा)

हसा, हरकत नाही. पण तारीखही लक्षात घ्या. २०१५ च्या डिसेंबरात कॉर्क परगण्यात एकट्याने गाडी चालवणाऱ्या शिकाऊ चालकाच्या धडकेत एक आई आणि तिची तरुण मुलगी गेली. त्या घरातल्या माणसाने कायदा बदलावा म्हणून मंत्र्यांची दारं ठोठावली. अखेर डिसेंबर २०१८ पासून शिकाऊला एकट्याने गाडी चालवू देणारा मालकही गुन्हेगार ठरू लागला. त्या दुरुस्तीला इथे त्याच कुटुंबाचं नाव आहे. काउएन पकडले गेले ते त्या अपघातानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी. देशात शिकाऊ चालकांवरून चर्चा चालू असताना एक खासदार शिकाऊ परवान्यावर, पिऊन, गाडी हाकतो, हे मला आजही टोचतं. एवढं म्हणूनही केवळ त्यासाठी मी राजीनामा मागणार नाही. का मागणार नाही, त्यासाठी वडिलांकडे जावं लागेल.

माझे वडील ट्रक चालवायचे. आमचं गाव वाई तालुक्यात. १९८४ साली कराडहून गुळाचे रवे भरून पुण्याला मार्केट यार्डात चालले होते. तेव्हा खंबाटकी घाटाला बोगदा नव्हता, एकाच रस्त्याने जाणं-येणं. पायथ्याच्या ढाब्यावर वडील प्याले. रोज पिणारे नव्हते, त्या दिवशी प्याले. उतारावर एका वळणाला गाडी दरडीला घासली आणि डावी बाजू चेपली. क्लीनर तिकडेच बसला होता. त्याचं पाऊल गेलं. मेला नाही, पण पुन्हा धड चालला नाही. आमच्या पलीकडच्या वाडीतला पोरगा, सतरा-अठरा वर्षांचा. कोर्टात वडिलांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली, लायसन्स काही काळ गेलं. घरात वर्षभर आईचं मंगळसूत्र दिसलं नाही, ते त्या पोराच्या दवाखान्याला गेलं होतं.

लायसन्स परत आल्यावर वडील काम शोधायला निघाले. मी आठ वर्षांचा, शाळेला सुट्टी, मला सोबत घेतलं. शिरवळला एका मालकाकडे गेलो. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, समोर तीन ट्रक उभे. मालकाने चार प्रश्न विचारले, लायसन्स पाहिलं, आणि खिळ्यावरची चावी काढून टेबलावर ठेवली. उद्यापासून या म्हणाला. वडिलांनी चावीला हात लावला नाही. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात लायसन्सच्या मागे कोर्टाचा कागद होता, घड्यांवर झिजून पार कापडासारखा झालेला. तो टेबलावर उलगडला आणि म्हणाले, "मालक, चावी घ्यायच्या आधी एक सांगायचंय."

मालकाने कागद वाचला. चावी परत खिळ्याला लावली. चहा मात्र पाजला, मला बिस्किटंही दिली.

मग कराड, मग लोणंद. तेच टेबल, तोच कागद. लोणंदच्या मालकाने वाचलं, बराच वेळ बाहेर बघत बसला, आणि म्हणाला, "महिनाभर दिवसाच्या फेऱ्या करा, मग बघू." तिथे वडिलांनी एकोणीस वर्षं काढली. मी मोठा झाल्यावर चिडून विचारलं होतं, कुणी विचारलं नसताना का सांगत होता? म्हणाले, "गाडी त्याची, माल त्याचा, शेजारी बसणारा क्लीनर कुणाचा तरी पोरगा. मग ही गोष्ट माझ्या एकट्याची कशी?"

मंडळी, या विषयावर मला जे कळतं ते सगळं त्या पत्र्याच्या शेडमध्ये कळलं. मी जिथे जातो तिथे ही गोष्ट सांगतो, काहींनी तिसऱ्यांदा ऐकली असेल.

आता काउएन. २७ जून २०२० ला तीन पक्षांचं सरकार आलं, मीहॉल मार्टिन पंतप्रधान, वराडकर उपपंतप्रधान, बॅरी काउएन शेतीमंत्री. सगळा देश कोरोनात, आपल्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही वराडकरांमुळे इथल्या मंत्रिमंडळाच्या बातम्या फिरत होत्या. ३ जुलैला वर्तमानपत्राने बंदीची बातमी छापली. पंतप्रधानांनी सांगितलं की मंत्रिपद देताना आपल्याला हे माहीत नव्हतं. म्हणजे टेबलावर चावी आली, हात पुढे गेला, कागद खिशातच राहिला. माझ्या लेखी प्रकरणाचं मर्म एवढंच आहे. ७ जुलैला काउएन संसदेत उभे राहिले, माफी मागितली. माफी मनापासूनची होती असं मला वाटलं, आजही वाटतं. पण त्यावर प्रश्नोत्तरं झाली नाहीत. १२ तारखेला दुसरी बातमी आली: पोलिसांच्या नोंदीप्रमाणे त्यांनी नाकाबंदी पाहून गाडी वळवली होती. त्यांनी ते साफ नाकारलं, नोंद चुकीची आहे म्हणाले. ती नोंद पोलिसांच्या संगणकातून पत्रकारांपर्यंत पोचणं हाही गुन्हाच, आणि त्याबद्दल त्यांचा राग मला शंभर टक्के पटतो. पंतप्रधान म्हणाले, पुन्हा सभागृहात जाऊन खुलासा करा. ते तयार झाले नाहीत. राजीनामा द्या म्हटलं, तोही दिला नाही. १४ जुलैच्या रात्री पंतप्रधानांनी त्यांना काढलं. जेमतेम सतरा दिवसांचं मंत्रिपद.

...पाच मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आली आहे. म्हणजे मुख्य मुद्दा आता धावतच सांगावा लागणार. आयोजकांची माफी मागतो, पण वडिलांची गोष्ट मला कमी करता येत नाही.

तर, राजीनामा द्यावा का? लोक म्हणतात, दंड भरला, बंदी भोगली, एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशाला? मान्य. शिक्षा संपली की माणूस मोकळा, नाहीतर माझ्या बापाला कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नसता. पण मंत्रिपद न मिळणं ही शिक्षा नाही. ती लोकांची गाडी आहे, कुणाच्या हातात द्यायची ते ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याचा. तो अधिकार बजावायला त्याला माहिती लागते. ती दडवली, तर त्याच्या हातून निर्णयच काढून घेतला जातो. म्हणून जुना गुन्हा आधीच स्वतः सांगितलेला असेल आणि तरीही पद मिळालं असेल, तर पुढे कुणीही ओरडो, राजीनाम्याची गरज नाही. सांगितला नसेल आणि तो दुसऱ्याने बाहेर काढला, तर त्याच दिवशी द्यावा, खळखळ न करता. मग वाटल्यास पुन्हा निवडून यावं. काउएन २०२४ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून आले, मतदारांनी सगळं माहीत असताना निवडलं. त्याला माझी काडीची हरकत नाही. २००५ मध्ये माजी मंत्री जिम मॅक्डेड नास गावाजवळ दुभाजक असलेल्या हमरस्त्यावर पिऊन उलट्या दिशेने गाडी घेऊन गेले. काउएन यांच्यापेक्षा कितीतरी भयंकर. पण सगळं देशासमोर उघड होतं, आणि २००७ मध्ये डोनेगलच्या लोकांनी ते जाणून मत दिलं.

दुसरा मुद्दा, ग्रामीण भागाचा. डॅनी हिली-रे यांच्यासारखे खासदार म्हणतात की खेड्यात बस नाही, टॅक्सी नाही, एकटा म्हातारा शेतकरी दोन घोट घ्यायला पबमध्ये नाही गेला तर घरातच कुढून मरेल. हा एकटेपणा खरा आहे, मी त्यांच्याच केरी परगण्याच्या बाजूला पाहिलाय. त्यावर उपाय बस आहे. बस द्यायची जबाबदारी मंत्र्यांची, म्हणून तर चावी कुणाच्या हातात जाते ते बघायचं. आणि शेतीखात्याचा रस्त्याशी काय संबंध, हेही लोक विचारतात. रस्त्याचे कायदे अख्खं मंत्रिमंडळ ठरवतं, त्यात शेतीमंत्रीही बसतो.

एक प्रश्न आला आहे, उत्तर देतो आणि थांबतो. "खरं सांगितलं आणि तरी काम नाही मिळालं तर?" नाहीच मिळत कधीकधी. शिरवळहून आम्ही त्या दिवशी चालत हायवेला आलो, एसटीला पैसे होते पण वडिलांना चालायचं होतं. मी त्या मालकाला शिव्या घालत होतो, आठ वर्षांच्या पोराला येतात तेवढ्या. वडिलांनी मला गप्प केलं. तो मालक चुकला, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, आणि पुढेही कधी म्हणाले नाहीत.