एक एम, दोन एम

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात विट्याहून माझ्या भाच्याचा फोन आला. यंदा दहावीला आहे. म्हणाला, "मावशी, तू एमिग्रंट का इमिग्रंट?"

मी म्हटलं, "दोन्ही." त्याला वाटलं, मावशी टाळतेय. पण उत्तर खरंच तेवढंच आहे. एमिग्रंट म्हणजे देश सोडून गेलेला, इमिग्रंट म्हणजे देशात येऊन राहिलेला. माणूस एकच, बघणारा कुठं उभा आहे, त्यावर शब्द ठरतो. विट्याच्या हिशेबानं मी गेलेली, इथल्या शेजारणीच्या हिशेबानं आलेली.

स्पेलिंगची खूणही सांगितली. दोन्ही शब्द मूळ लॅटिन. 'एक्स' म्हणजे बाहेर. त्याचा नुसता 'ई' उरला, म्हणून एम एकच. 'इन' म्हणजे आत. पुढच्या एमच्या संगतीनं त्यातल्या एनचाही एम झाला, म्हणून एम दोन. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो, तसाच हा संधी. हे त्याला लगेच पटलं.

मग म्हणाला, "आपले गलाईवाले कोण मग?" सांगलीकरांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. खानापूर-आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पांगली. देशाची हद्द ओलांडली नाही, म्हणून त्यांना हे दोन्ही शब्द लागत नाहीत. इंग्रजीत ते नुसते मायग्रंट. पण गावात विचारा, घरचे सांगतील, "गलाईला गेलाय." आणि जिथं त्याची भट्टी पेटते, तिथं तो 'बाहेरून आलेला'. सरकारी मराठीत उत्प्रवासी, आप्रवासी हे शब्द आहेत, बोलण्यात ते रुळले नाहीत. आपलं काम 'गेलाय' आणि 'आलाय' या दोन क्रियापदांवरच भागतं.

इथं आल्यापासून आपल्या कानावर दोन एमवाला शब्दच पडतो, याचं मला वाईट वाटतं. भारतात १९८३ साली एमिग्रेशन कायदा झाला, नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी. त्यात 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' असं अधिकाऱ्याचं पद आहे. गेलेल्यांचा रक्षक! ते नाव पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला भरून आलं होतं.

आपली इथं जन्मलेली मुलं मात्र कुठून गेली नाहीत की कुठून आली नाहीत. त्यांना कुणी इमिग्रंट म्हटलं, तर मी तिथंच थांबवते.

फोन ठेवताना भाच्यानं विचारलंच, "मग आपला दादा कोण?"

म्हटलं, "तो इथलाच, बाळा."