आमवाताची गोळी आणि डोळ्याचा पडदा

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्याकडे डोळे तपासायला आलेल्या एक आजी सांगत होत्या, "डॉक्टर, तांदूळ निवडताना खडा दिसतो, आणि नजर जरा हलली की नाहीसाच होतो." मोतीबिंदू नव्हता. भिंतीवरचा तक्ता त्यांनी अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचला. मग पिशवीतून घड्यांवर फाटत आलेली चिठ्ठी निघाली. आमवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, रोज ४०० मिलिग्रॅम. तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून चौदा वर्षं गोळ्या चालू होत्या. मी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. ४२ किलो!

ही गोळी मूळची मलेरियावरची. आमवात आणि ल्युपस (यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) या आजारांत ती फार मोलाची आहे, म्हणून आधीच सांगतो : आज हे ऐकून कुणीही गोळी परस्पर बंद करू नका. ल्युपस उसळला तर मूत्रपिंडावरही बेतू शकतं.

पण हे औषध डोळ्याच्या आत, जिथे चित्र उमटतं त्या पडद्यामागच्या रंगद्रव्याला चिकटून राहतं. इजा बहुधा दृष्टीच्या मध्यबिंदूभोवती, कड्यासारखी होते. मधला ठिपका बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे तक्ता नीट वाचता येतो, आणि पेशंटला, कधी कधी डॉक्टरलाही, सगळं ठीक वाटतं. गेलेला भाग परत येत नाही. गोळी थांबवल्यावरही काही जणांत इजा वाढत राहते.

अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलेलं माप सोपं आहे : दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे आजींना साधारण २१० पुरे होते. योग्य मात्रेत पहिल्या दहा वर्षांत धोका दोन टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो वीस टक्क्यांच्या आसपास जातो. किडनी कमजोर असेल किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर आणखी जास्त.

म्हणून गोळी सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत एकदा पडदा तपासून घ्या, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. वरच्यासारखा धोका असेल तर पाच वर्षं थांबू नका. ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन, काही मिनिटांचं काम, दुखत नाही. फील्ड टेस्टमध्ये एक डोळा झाकून, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बरेच जण घाबरून जातात, "मला जमलं नाही" म्हणतात. न जमल्यास पुन्हा करता येते, संकोच नको. आपल्याकडे, म्हणजे आशियाई लोकांत, इजा मध्यापासून जरा लांबही सुरू होते, म्हणून डॉक्टरांना मोठ्या क्षेत्राची टेस्ट करायला सांगा.

आज घरी एवढं करा. आईची, मावशीची चिठ्ठी काढा. तिच्या मागे लिहा : गोळी कधी सुरू झाली, आजचं वजन किती, पडदा शेवटचा कधी तपासला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना ती चिठ्ठी आणि किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनीनचा रिपोर्ट बरोबर असू द्या.

नमस्कार.